ओट्यावर उभा असलेला विनोद

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. भूत, भास, संकेत असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाणारी बाई. त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते झालं.

मी संग्रामपूरला राहते. माझी माय सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या गावात. बाबा केव्हाच गेलेत. धाकटा भाऊ विनोद तीन वर्षांपूर्वी पोलीस भरतीत पुन्हा नाव आलं नाही म्हणून कुणाला न सांगता घरातून निघून गेला. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांकडे शोधलं — काही नाही. माय त्याचं नाव काढत नसे, पण त्याचं ताट कधी माळ्यावर टाकलं नाही.

गावात रेंज नाही. म्हणून मी शनिवारी जाताना मायसाठी कीर्तनं, भजनं टॅबवर डाउनलोड करून नेते. म्हणजे नेट नसलं तरी तिला पाहता येतात. तिचं माहेर देऊळगाव राजाचं. बालाजीच्या मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण झालं होतं, तोच व्हिडिओ त्या आठवड्यात साठवून नेला.

भर दुपार. माय अंगणात तुरीची डाळ पाखडत टॅब बघत होती, मी आत भाकरी टाकत होते.

"थांबव! थांबव वो पोरी... मांगं घे."

मी हात पुसत आले. व्हिडिओ मागे घेतला. गर्दी, गुलाल, एका बंद दुकानाचा ओटा. ओट्यावर विनोद उभा. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, पण विनोदच. सगळे पालखीकडे बघत होते, हा मात्र सरळ कॅमेऱ्याकडे. हातात पिवळी पिशवी. मी बोटांनी चित्र मोठं केलं. पिशवीवर एका खत-बियाण्याच्या दुकानाचं नाव, खाली जालन्याकडच्या एका गावाचं.

"कपडे भर," माय म्हणाली. "आताच निंघू."

संग्रामपूरच्या स्टँडवर फोनला रेंज आली. चित्र जरा स्वच्छ दिसेल म्हणून मी तोच व्हिडिओ फोनवर ऑनलाइन लावला. तीच गर्दी, तीच पालखी, तोच ओटा... आणि ओटा रिकामा. टॅबवरचा साठवलेला लावला — विनोद उभा. पुन्हा ऑनलाइन — रिकामा. डाउनलोड म्हणजे मूळ व्हिडिओची हुबेहूब प्रत, हे मला माहीत आहे. प्रतीत जास्तीचा माणूस येईल कुठून?

"काय झालं? काऊन अशी पाहून राह्यली?"

"काही नाही माय. बस लागली."

तिला सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? परत फिरायचं धाडस तर माझ्यातच उरलं नव्हतं. रात्र बुलढाण्याला मावशीकडे काढली. माय भिंतीला टेकून बसूनच होती.

दुसऱ्या दिवशी ते गाव सापडलं, दुकानही सापडलं. मी मालकाला विनोदचा जुना फोटो दाखवला. त्यांनी आधी फोटो पाहिला, मग मायकडे.

"तुम्ही कोण त्याच्या?"

"बहीण. ही आई."

"अहो, बरं झालं आलात. आमच्याकडंच कामाला आहे, मागच्या खोलीत पडलाय. ताप उतरंना. घरचा नंबर विचारला की भिंतीकडं तोंड करतो. आज दवाखान्यात न्यायचंच म्हणून गाडी सांगितलीय."

खोलीत खतांच्या गोण्यांशेजारी बाजेवर तो होता. मायने कपाळावर हात ठेवला, तेव्हा त्याने डोळे उघडले आणि लहान पोरासारखा तिचा पदर धरला. त्याच गाडीतून त्याला जालन्याला दाखल केलं. कावीळ अंगभर पसरली होती. पहिले दोन दिवस डॉक्टर आमच्याशी फार बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली.

जरा बरा झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मिरवणुकीला एकटाच गेलता का रे?"

"कोणत्या?"

"देऊळगावच्या."

"मी कायले जातो ताई? त्या दिवशी तर उठताबी येत नव्हतं." दुकानमालकांनीही तेच सांगितलं. मिरवणुकीच्या दिवशी ते स्वतः त्याच्या उशाशी बसून पाणी पाजत होते.

मग विनोद छताकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तापात एकच दिसे. लय गर्दी... अन् मी मायले आवाज देऊन राह्यलो. पण गळ्यातून आवाजच निंघे ना."

मी बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून टॅबवर तो भाग पुन्हा लावला. आधी माझं सगळं लक्ष पिशवीवर होतं. आता फक्त चेहरा पाहिला. त्याचे ओठ हलत होते.

आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना मी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले. दोन्ही तीन-तीनदा मागे-पुढे करून पाहिल्यावर ते म्हणाले, "मॅडम, हे मला दाखवलं असं कुणाला सांगू नका."

विनोद आता घरी आहे, शेत बघतो. आपण कसे सापडलो, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही. मायला एकदा धीर करून ऑनलाइनचा रिकामा ओटा सांगितला. ती पाखडत होती, थांबली नाही.

"त्यानं हाक मारली, म्या आयकली. तुले अजून काय पाह्यजे?"

मला उत्तर पाहिजे. अजून मिळालेलं नाही.