कौसल्याकाकींच्या पोटमाळ्यावरचे बूट

भोईवाड्याच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कौसल्याकाकींची खाणावळ होती. नवरा गंगाधर गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. तो गेल्यावर काकींनी चूल मोठी केली, आणि दोन्ही वेळा वीसेक पानं उठू लागली.

त्या पानांत सात जण बोटीवरचे होते, सगळे मालवणकडच्या एकाच गावचे. दसऱ्यानंतर बोटीवर चढायचे, थंडी विलायतेकडच्या बंदरांत काढायची आणि चैत्र-वैशाखात परत यायचं. मग लावणीला गावी. जाताना बूट काकींकडे राहायचे. आतून लोकर लावलेले, पोटरीपर्यंत येणारे ते जड बूट कोकणच्या चिखलात घेऊन जाऊन करायचं काय?

पावसाळ्यात मुंबईत चामड्याला दोन दिवसांत बुरशी धरते. पण काकींच्या हातून बूट कधी बिघडला नाही. ओल्या फडक्यानं त्यावरचं समुद्राचं मीठ पुसायचं, गॅलरीत सावलीला वाळवायचं, एरंडेल चोळायचं. आत कडुनिंबाचा सुका पाला, डांबराच्या गोळ्या आणि टोकापर्यंत वर्तमानपत्राचे बोळे, म्हणजे बूट चेपत नाही. मग जुन्या धोतरात गुंडाळून पोटमाळ्यावर.

दुपारची भांडी झाली की काकी त्या माळ्याखालीच लवंडायच्या. वरून वास यायचा. तेलाचा, लोकरीचा, आणि कुठल्या तरी न पाहिलेल्या गावाचा. डोळा लागता लागता गंगाधर दिसायचा. पाळी सुटून यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर, मिशीवर कापसाची तूस असायची. काकींच्या स्वप्नात ती तूस आभाळातून पडत असे, आवाज न करता, आणि गंगाधर मोठाले बूट घालून लांबच्या लांब पांढऱ्या रस्त्यावरून त्यांच्याकडे चालत असे. तो पोचायच्या आत कुणीतरी दार वाजवायचं.

बोळ्यांचे कागद शेजारच्या नानांकडून यायचे. नाना म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, कामगारांवरचे मुकादम. पेपर वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. काकींना अक्षर येत नव्हतं. हाताला लागेल तो कागद त्या बुटात कोंबायच्या.

सत्तावनच्या वैशाखात त्या सातांतला रामदास कुबल आला. बूट दारात ठेवले आणि जेवायला न बसता त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. घड्यांवर पार विरलेला.

"काकी, ह्यो माझ्या उजव्या बुटात होतो. गोळीबाराची बातमी. छप्पन सालातली."

"मग?"

"लालबागात एक माणूस पडलो. निळो सदरो, वय तिशीच्या आसपास. त्येका उचलून इस्पितळात न्हेल्यानी... आणि पान संपला. डाव्या बुटात बघतंय तर नुसत्ये साबणाच्ये जाहिराती!"

काकी हसल्या. रामदास हसला नाही.

"आमी सात जण अख्खी थंडी तेचोच इचार करत होतो. पाळीवरसून इलो की एकेक जण सांगा, तो असो असतलो, तेची बायल तशी असतली. काकी, तो जगलो काय?"

काकींना ते दिवस आठवले. करफ्यू लागला होता, खोलीत अडकलेल्या माणसांना त्यांनी दोन दिवस पेज वाढली होती. पण निळ्या सदऱ्याचा माणूस? असे कितीतरी जण त्या दिवसांत पडले.

"जगला असेल रे."

"असेल नको, काकी."

त्यांनी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. नानांनी रद्दी उपसली. त्या दिवसाचं दुसरं पान कुठेच मिळालं नाही, आणि तो माणूस कोण, हे कुणालाही सांगता आलं नाही. काकींना वाईट वाटलं ते याचं, की ते पान कदाचित त्यांच्याच हातून गेलं होतं. शेगडी पेटवायला.

आठवड्यानं त्या नानांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"नाना, मला आकडे शिकवा. पानांवरचे."

"नुसते आकडे?"

"आधी आकडे. एकामागं एक पान लावता आलं पाहिजे."

आकडे चार दिवसांत आले. अक्षरांना दोन पावसाळे लागले. जोडाक्षरांशी काकींचं भांडणच होतं. 'संयुक्त' या शब्दापाशी तर त्या रोज अडायच्या, आणि नेमका तोच शब्द रोज पेपरात असायचा. पण आता उजव्या बुटात पहिली पानं जाऊ लागली, डाव्यात त्यांच्या पुढची, आणि अर्धी बातमी एकही नाही. बोटीवर ते कागद गादीखाली इस्त्री होऊन वाचले जातात, असं रामदास सांगायचा.

साठ साली मे महिन्यात राज्य झालं तेव्हा ते सातही जण गावी पोचले होते. काकी सकाळीच खाली उतरल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः पेपर विकत घेतला. सात प्रती.

"मावशी, सात कशाला?" पेपरवाला म्हणाला.

"बुटांत घालायला."

नाना ऐकून चिडले. "आजचा पेपर बुटांत? अहो, माणसं मेली यासाठी!"

"म्हणून तर," काकी म्हणाल्या. "जगाच्या टोकापर्यंत जाऊ दे की."

थोड्या वेळानं नाना एरंडेलाची बाटली घेऊन स्वतःच गॅलरीत येऊन बसले.

त्या वर्षी मार्गशीर्षात पोस्टमन वर आला. बाहेरदेशच्या तिकिटाचं पाकीट, आणि वर नाव: श्रीमती कौसल्याबाई. आत रामदासनं मोठमोठी, सुटी अक्षरं काढली होती. काकी सावकाश वाचतात हे त्याला ठाऊक होतं.

पत्र नानांकडे न नेता काकी गॅलरीच्या उन्हात बसल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या. बोटीवरच्या स्वयंपाक्यानं भात करपवला होता. गावच्या एकाला हॅम्बुर्गात दाढ काढावी लागली, आणि डॉक्टरची भाषा न कळल्यानं त्यानं चांगलीच दाढ दाखवली.

काकी थांबल्या. 'चांगलीच' पुन्हा वाचलं. बरोबर वाचलं होतं. मग त्या इतक्या हसल्या की शेजारची चंपा पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काय झालं गं काकी?"

"थांब जरा," डोळे पुसत काकी म्हणाल्या, "अजून पान पालटायचंय."