खलनायकाचा साडू

जगात आजवर जेवढे म्हणून साडू होऊन गेले असतील, त्यांत माझ्या साडूइतका छळणारा साडू दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. छळ म्हणजे त्याने कधी मला उलट उत्तर दिलं, कधी चारचौघांत पाणउतारा केला, असं काही नाही. तसं केलं असतं तर मी त्याला मनसोक्त नावं ठेवली असती आणि सुखाने झोपलो असतो. पण हा माणूस भेटला की दोन्ही हात जोडून जयभीम करतो, "साडूभाऊ, तब्येत बरी हाय ना?" म्हणून विचारतो, न सांगता माझ्या गाडीची हवा तपासतो आणि वर सासूबाईंना सांगतो की थोरल्या जावयाच्या हुशारीला तोड नाही. असल्या माणसावर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम असतं. ते मी त्याच्या लग्नाच्या मांडवापासून नेटाने करत आलो आहे.

हा यायच्या आधी आकुर्डीच्या त्या घरात मी एकटा जावई होतो. सासरे तिथल्याच दुचाकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जावई हिंजवडीच्या आयटी कंपनीत आहे, हे त्यांनी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी गेलो की पंखा माझ्याकडे फिरायचा आणि मटणातली नळी माझ्या ताटात यायची. मग धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. मुलगा लातूरकडचा, चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये क्वालिटी तपासणीत, कुरुळीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणारा. मी मनात म्हटलं, चला, आपल्या गादीला धोका नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मी चांगल्या दुकानातली काजूकतली नेली. त्याने कुरुळीच्या एका शेतातली पालकाची जुडी आणली, आणि जेवण व्हायच्या आत घराचं कित्येक वर्षं घासत असलेलं दार बिजागरीतून काढून, तासून, परत बसवून दिलं. सासरे संध्याकाळभर ते दार उघडत होते आणि लावत होते. काजूकतलीचा डबा कुणी फोडलासुद्धा नाही.

इथवरही मी सोसलं असतं, पण या गृहस्थाला सुपरहिरोंच्या सिनेमांचं वेड आहे. वेड म्हणजे बघण्याचं नव्हे, काढण्याचं. मोबाइलवर, सुट्टीच्या दिवशी, सासऱ्यांच्या गच्चीत, घरातल्या माणसांना घेऊन तो सिनेमा काढतो आणि वस्तीतल्या भीमजयंतीच्या आठवड्यात भाषणं आणि मुलांचे नाच झाले की पांढऱ्या पडद्यावर दाखवतो. त्याचं म्हणणं असं की परदेशातल्या हिरोंना कोळी चावतो, वीज बसते, आमच्याकडे कामगाराला काय मिळणार तर ग्रीस. म्हणून त्याचा हिरो ग्रीसमॅन. प्लांटमधल्या ग्रीसच्या पिंपात पडल्यावर याच्या अंगात अशी शक्ती येते की तो कुणाच्याच हाती लागत नाही, पकडायला गेलं की निसटतो. हिरो अर्थातच स्वतः साडू. अंगाला खोबरेल तेल, पाठीवर मोटारसायकलच्या सीटचं जुनं कव्हर.

आता ग्रीसचा वैरी कोण? गंज. म्हणून खलनायक गंजासुर, जो हात लावील त्या वस्तूचा भुगा होतो आणि ज्याला सगळी एमआयडीसी गंजवून टाकायची आहे. अंगभर गेरू फासायचा असल्यामुळे ते काम कुणी घेईना. तेव्हा साडू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या चेहऱ्यात एक नाराजी हाय बघा. ती विकत मिळत न्हाई." बायको हसली म्हणून मी हट्टाने हो म्हटलं.

आणि काय सांगू, तो गंजासुर गाजला. डोक्यावर भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचा मुकुट घालून मी पडद्यावर असा हसलो की पुढच्या रांगेतली दोन पोरं रडत घरी गेली. हिंजवडीत माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला माझं आडनाव धड ठाऊक नाही. पण आकुर्डीत मी गाडी लावली की गल्ली ओरडायची, "गंजासुर आला." चिकनवाला लेगपीस जास्तीचा टाकायचा आणि म्हणायचा, "राव, एकदा हसून दाखवा ना." त्या घरातलं दार त्याचं झालं होतं, त्याने दुरुस्त केलेला मिक्सर त्याचा, सासऱ्यांच्या संध्याकाळच्या गप्पा त्याच्या. गंजासुर तेवढा माझा होता. हे मला तेव्हा उघडउघड कळत होतं आणि म्हणून मी तो जिवापलीकडे जपत होतो.

त्याच्या दिग्दर्शनाची तऱ्हाही प्लांटवरचीच. तो 'कट' वगैरे म्हणत नाही. शॉट झाला की डोळे बारीक करून माणसाला चहूबाजूंनी तपासतो, आणि खिशातला खडू काढून दंडावर खूण करतो. हिरवी म्हणजे ओके, लाल म्हणजे रिवर्क, पुन्हा करा. एकदा सासूबाईंनी चहा आणून दिला तर कपाच्या बशीवर लाल खूण करून साखर मागितली होती. मेहुणीला ओके, शेजारच्या आजोबांना ओके, माझ्या दंडावर मात्र कायम लाल. रागावणं नाही की आवाज चढवणं नाही. "छान झालं साडूभाऊ, पण मार्जिनवर हाय," एवढंच म्हणायचा, म्हणजे पास-नापासच्या काठावर.

तर गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, जेवताना, याने दुसऱ्या भागाची घोषणा केली. या खेपेला खलनायक तीन. गंजासुराच्या जोडीला चाकण रस्त्यावरच्या खड्ड्यांचा राजा खड्डेश्वर, आणि ट्रॅफिक जामची राणी जामिनी. आणि हिरो, तो म्हणाला, जरा डार्क. डार्क म्हणजे काय, असं सासूबाईंनी विचारलं. म्हणजे आतून खचलेला, लोकांना वाचवून वाचवून ज्याचं ग्रीस संपत आलंय असा. खलनायक तीन झाले म्हणजे गंजासुराच्या वाट्याला दुष्टपणाचा तिसरा हिस्सा येणार, आणि उरलेलं रडणंही हिरोच करणार. मी म्हटलं, हिरोच असा तोंड पाडून बसला तर खलनायकाने काय भजी तळायची? सगळे हसले. त्यात माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पुढे कळलं ते भयंकर होतं. खड्डेश्वर होणार होते खुद्द सासरे, आणि जामिनी सासूबाई.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत झाली. सासऱ्यांना काम काय, तर करड्या ताडपत्रीखाली पडून राहायचं आणि हिरो जवळ आला की त्याचा पाय ओढायचा. गच्चीतल्या कोवळ्या उन्हात त्यांना झोप लागली आणि ते घोरू लागले. मला वाटलं, आता तरी लाल खूण होईल. साडूने मोबाइल ताडपत्रीजवळ धरून ते घोरणं रेकॉर्ड केलं आणि खड्डेश्वराची गर्जना म्हणून वापरलं. माणूस झोपला आणि त्याला ओके मिळालं. सासूबाईंनी तर कहर केला. जिन्यात हात पसरून उभं राहायचं आणि ॲम्ब्युलन्स वाचवायला धावणाऱ्या ग्रीसमॅनला गडगडाटी आवाजात अडवायचं, असा प्रसंग. तो धावत आला आणि ह्या म्हणाल्या, "एवढ्या घाईनं कुठं निघाला? काही खाल्लं का सकाळपासून?" तो खरोखर थांबला. थांबला तो थांबलाच, कॅमेरा चालू, ॲम्ब्युलन्स वाऱ्यावर. नंतर म्हणाला, याच्यापेक्षा भारी जाम चाकण चौकातसुद्धा होत नाही.

त्याच्या त्या डार्कपणाचाही मला फार राग यायचा. तव्याची काजळी डोळ्यांखाली लावून तो दिवसभर गप्प बसायचा. शूटिंग नसतानाही गप्प. सासूबाई त्याच्याकडे बघून हळहळायच्या, पोरगं भूमिकेत किती शिरलंय म्हणायच्या आणि माझ्याकडची नळी त्याच्या ताटात जायची. मी गेरू फासून, घासण्या डोक्यावर घेऊन तासन्‌तास उन्हात उभा, पण खलनायकाच्या पोटाची कुणाला काळजी नसते. मी बायकोला म्हटलं, हा अभिनय नाही, ही नळीसाठीची युक्ती आहे. ती म्हणाली, तुम्ही आधी तो मुकुट काढा आणि मग बोला.

शेवटचा प्रसंग मार्चच्या अखेरीस काढला, तो आम्हा दोघांचाच होता. हरलेला ग्रीसमॅन गंजासुराच्या गुहेत येतो. गुहा म्हणजे पाण्याच्या टाकीमागची जागा. बाकीचे खाली गेले होते आणि मोबाइल मेहुणीच्या हातात होता. साडू म्हणाला, संवाद लिहिलेले नाहीत, मी काहीतरी बोलीन, तुम्ही गंजासुर म्हणून जे सुचेल ते उत्तर द्या. मी तयारच होतो. तो टाकीला टेकून खाली बसला आणि बोलू लागला.

"गंजासुरा, थकलो बाबा. आमचा प्लांट चाललाय इथनं, परराज्यात. मशिनी खोलून गाड्यांत भरायलेत. मला म्हणले, यायचं तर या, न्हाई तर बसा घरी. पुढच्या महिन्यात जायलोय मी, बायकोला घेऊन. हे घर आता तुझ्यावर सोडून चाललो."

मला ते संवाद एकदम पसंत पडले. माझ्या पोटात इतकी वर्षं जे साचलं होतं ते सगळं वर आलं आणि मी हसलो. पहिल्या भागातलं हसणं त्याच्यापुढे काहीच नाही. मी म्हटलं, "जा! जा लवकर! तू गेलास की हे राज्य माझं एकट्याचं. या घरात तुझं नाव कुणी काढणार नाही, ध्यानात ठेव." आणि पुन्हा हसलो. त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मग उठला, खिशातला खडू काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दंडावर हिरवी खूण केली.

मेहुणी मोबाइल कठड्यावर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी होती. माझ्या अभिनयाने ती हेलावली, असं समजून मी फुगलो. साडूला म्हटलं, तो प्लांटचा डायलॉग भलताच जमला, कुठून सुचला?

तो सीटचं कव्हर पाठीवरून काढत होता. म्हणाला, "साडूभाऊ, तो डायलॉग न्हवता."

मी गेरूच्या हाताने मुकुट काढला आणि तसाच धरून उभा राहिलो. मग त्याने सांगितलं. दिवाळीपासून त्याला ठाऊक होतं, बायकोखेरीज कुणाला बोलला नव्हता. खाली सगळ्यांना सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून आधी मला सांगून बघितलं. तिकडे गेल्यावर बघायला सगळे एकाच पिक्चरमध्ये असावेत असं त्याला वाटलं होतं. "हिरो तर एकच ठेवावा लागतो," तो म्हणाला, "मग बाकीच्यांना व्हिलन केलं." मी म्हटलं, तो शॉट काढून टाक, आपण दुसरा घेऊ. त्याने मान हलवली. ओके केलेला पीस तो रिजेक्ट करत नाही, असं म्हणाला.

जयंतीच्या आठवड्यात सिनेमा दाखवला तोपर्यंत घरात सगळ्यांना कळलं होतं. खड्डेश्वर घोरला तशी वस्ती हसून लोळली, जामिनीने "खाल्लं का" विचारलं तेव्हा बायकांनी शिट्ट्या मारल्या. पण माझं ते शेवटचं हसणं आलं आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. लोकांना काय ठाऊक. सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि सासरे पडद्याकडे न बघता चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. मला जन्मात एवढ्या टाळ्या मिळालेल्या नाहीत. मी वळून पाहिलं तर प्रोजेक्टरशेजारी उभा राहून सर्वांत जोरात टाळ्या साडूच वाजवत होता, आणि मला तिथल्या तिथे त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

ते गेले. आता त्या घरात मी पुन्हा एकटा जावई आहे. मान सगळा माझा, आणि रविवारी मी गेलो की सासरे मला बसवून घेतात. आम्ही दोघे बराच वेळ बोलतो, आणि बोलणं वळून वळून त्याच्यावरच येतं. मी म्हणालो होतो तसं काही झालं नाही. त्या घरात दिवसाकाठी सगळ्यांत जास्त नाव त्याचंच निघतं, आणि मला अजूनही त्याचा राग येतो.

परवा तिथेच असताना त्याचा फोन आला. तिसरा भाग सुरू केलाय म्हणाला, तिथल्या घरमालकाला खलनायक केलंय. मोठ्या मिशांचा दूधवाला आहे, मराठी येत नाही. त्याची शक्ती काय, असं मी तोंडदेखलं विचारलं. म्हणाला, ज्याला हात लावील तो आपलं गाव विसरतो. आणि ग्रीसमॅन? त्याला अजून हात लावू दिलेला नाही, म्हणाला. मला त्या मिशीवाल्याचा इतका हेवा वाटला की मी विचारलंच, माझ्यापेक्षा बरं काम करतो का तो?

"हसणं जमंना त्याला," साडू म्हणाला. "पाच वेळा लाल केलं. तुमच्यासारखं मनापासून कुणी हसत न्हाई, साडूभाऊ."

तेवढ्यात सासऱ्यांनी फोनसाठी हात पुढे केला, सासूबाईही पीठ लागलेल्या हातांनी आतून आल्या. मी फोन कानाला घट्ट धरला आणि उठून गच्चीच्या जिन्याकडे गेलो. त्यांना नंतर बोलू दे. अजून थोडा वेळ तो मला एकट्याला हवा होता.