तारप्याचा मूकपट

अंधेरीच्या स्टुडिओत दत्ताराम मेस्त्रीला सगळे 'चक्कीवाला' म्हणायचे. उगाच नाही. बोलपट येऊन इतकी वर्षं झाली तरी या गृहस्थाने मूकपटाच्या जमान्यातला, हँडल फिरवून चालणारा एक लाकडी कॅमेरा कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या अडगळीतून मिळवला होता. आठवडाभर स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्याची भिंगं पुसायची आणि रविवार उजाडला की हे धूड खांद्यावर टाकून निघायचं. कुठे? तर मुलुंडच्या बाजारात कुणी किंगरीची तार छेडत गाणारा गोसावी येतो म्हणे, चला मुलुंडला. भांडुपला एक आंधळा सनईवाला आहे, चला भांडुपला. "निघाला दळायला!" म्हणून सेटवरची पोरं हसायची. हा बापडाही हसायचा.

बोरिवलीच्या खोलीत बायको रत्नप्रभा त्या पोरांहून फटकळ. "गाणाऱ्याला टिपायचं आणि गाणं मात्र नाही! म्हणजे जेवणाचा फोटो बघून ढेकर द्यायचा." तिचं चूक नव्हतं. आवाज पकडायचं मशीन म्हणजे हत्ती पोसणं, ते मोठ्या लोकांचं काम. दत्ताराम म्हणायचा, "हात तर दिसतात ना गं." त्याचा बाप गावी नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचा. बाप गेला, आणि पुढे कधीतरी दत्तारामच्या लक्षात आलं, की त्याचा चेहरा आठवतो, पण मृदंगावर बोटं कशी पडायची ते काही केल्या आठवत नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. तेव्हापासून हे दळण सुरू झालं.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात त्याला कुणी सांगितलं, दहिसर नाक्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला वारल्यांचा एक पाडा आहे, तिथे धाकू नावाचा म्हातारा तारपा वाजवतो. गेला. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं जोडून केलेलं लांबलचक वाद्य. गाल फुगवून फुंकायचं, आणि खरी मेख अशी की फुंक मोडायची नाही. तोंडातला वारा सुटत असतानाच नाकाने नवा घ्यायचा. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात गुंफून सगळा पाडा लांब रांगेने त्याच्याभोवती नाचतो. भात तयार होऊन घरात येईपर्यंतच हे चालतं, मग वर्षभर तारपा बंद.

धाकू अंगणात पाय पसरून बसला होता. कॅमेरा बघून ना लाजला ना हरखला.

"यात माना मी दिसंन?" त्याने विचारलं.

"दिसशील बाबा. पण ऐकू नाही येणार."

"नसू दे. पाय दिसतीन ना? नाचणाऱ्यांचं?"

"दिसतील की. का रे?"

म्हाताऱ्याने सांगितलं ते असं. यंदा पाड्यातली दोन पोरं, दगडखाणीवर कामाला जाणारी चांगली दांडगी पोरं, बोलायला लागली होती, की धाकूचा दम मध्येच तुटतो, आमची पावलं चुकतात, म्हाताऱ्याने आता तारपा खाली ठेवावा. तोंडावर बोलायची हिंमत नाही, पण पाड्यात गोष्ट लपून राहते थोडीच! वाजवणाऱ्याला स्वतःचं कळत नाही, नाचणारे अर्धे त्याच्या पाठीमागे. म्हणून धाकूच्या मनात येत होतं, यंदाचं भात घरात आलं की संपलं. पण तारपा ठेवायच्या आधी त्याला खरं काय ते बघायचं होतं. दम तुटला की पाय अडतो, तारप्याच्या नाचात तसा नियमच आहे.

"तुटत असंन तर ठेवीन खाली," धाकू म्हणाला. "पण दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून नाय."

दत्तारामला त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम माया वाटली. "दाखवीन," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला आठवलं, की फिल्मचं एकच रीळ शिल्लक आहे.

आता नाच असतो रात्रीचा आणि कॅमेऱ्याला लागतो उजेड. म्हणून पाड्याने चक्क भर दुपारी फेर धरला. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, पण नाचल्या. दत्ताराम मनात ताल मोजत हँडल फिरवत राहिला, कारण हात जरा इकडे-तिकडे झाला की पडद्यावर माणसं माकडं होतात. त्या नादात समोर नाच कसा झाला ते त्याने धड पाहिलंच नाही. रीळ संपलं, त्याने दोन बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घालून ते अंधारातच डब्यात भरलं, चिकटपट्टी संपली होती म्हणून डबा सुतळीने बांधला, आणि एका ट्रकमागे बसून स्वारी परत फिरली.

दहिसरच्या नाक्यावर ट्रक थांबला. तेव्हा दारूबंदी कडक, आणि लोक दारू कशातून आणतील याचा नेम नव्हता. सायकलच्या ट्यूबमधून, बाळाच्या दुपट्यातून. ड्यूटीवर होते गुणाजी हवालदार, मूळचे मालवणकडचे, नाकासमोर चालणारे. त्यांना दिसला काळ्या कापडात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला पत्र्याचा डबा. झालं!

"ह्या काय आसा?"

"फिल्म आहे साहेब. सिनेमाची."

"उघड."

"उघडता येत नाही साहेब. उजेड लागला की वाट लागेल, आतलं सगळं पुसून जाईल."

"दारू धरलेलो प्रत्येक जण ह्याच सांगता. उघड म्हणतंय ना!" हवालदारांनी सुतळीला हात घातला.

दत्तारामच्या मनात आलं, आज नाच झाला तो झाला, दोन दिवसांत भात घरात, तारपा बंद. म्हातारा पुढच्या वर्षी वाजवेलच असं नाही. आणि हा माणूस उभ्या उन्हात झाकण काढतोय! त्याने हातच धरला हवालदारांचा. "साहेब, तुम्हीच उघडा. पण या पिशवीत उघडा. आत हात घाला, चाचपा, बाटली लागली तर मला आत टाका."

गुणाजींनी पिशवीकडे पाहिलं. "आत काय चावणारा नाय मां?"

"नाही हो!"

डबा आत सारला, पिशवी बंद केली, आणि हवालदारांनी दोन्ही हात कोपरापर्यंत बाह्यांत घातले. आत झाकण निघाल्याचा आवाज आला. "सुरळी लागता," ते म्हणाले. "बाटली नाय. बरा, जा तू." आणि हात काढायला लागले.

"थांबा! झाकण लावल्याशिवाय काढू नका, उजेड शिरेल!"

तिथेच गंमत झाली. फिल्मची सुरळी एकदा मोकळी झाली की फुलते. ती डब्यात मावेना, झाकण बसेना. हवालदार अडकले. मागे ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले, रिकामटेकडे जमले. गुणाजींच्या नाकावर माशी बसली, ती दत्तारामने रुमालाने हाकलली. टोपी डोळ्यांवर आली, ती त्याने सरळ केली. "मधलं टोक धरा साहेब, बाहेरचं हलके ओढा, आवळतं. घाई नको."

"रे पण ह्या आसा तरी कोणाचा?" हवालदार घामाघूम होत म्हणाले. मग दत्तारामने त्यांना धाकूची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता हवालदारांचा चेहरा बदलला. ते मागच्या ट्रकवाल्यावर खेकसले, "गप ऱ्हव रे! हयसर एका म्हाताऱ्याचो दम अडकलोहा!" आणि डोळे मिटून आत बोटं चालवू लागले. शेवटी टक् असा आवाज आला.

"बसला! बसला रे झाकण!" गुणाजी असे ओरडले की जणू त्यांच्याच घरी पोर जन्मलं. दोघे नाक्याच्या बाकावर बसले आणि चहा प्यायले. तरी जाताना हवालदारांनी विचारलंच, "बिघडला नसात मां?"

त्याचं उत्तर लॅबमध्ये मिळालं. तोवर दत्तारामचा चेहरा बघून रत्नप्रभेने चेष्टासुद्धा सोडून दिली, एवढं काय ते समजा. लॅबमधला नंदकिशोर ओली फिल्म दिव्यापुढे धरून म्हणाला, "आलंय रे चक्कीवाल्या, सगळं आलंय. एके ठिकाणी कुणाचा तरी अंगठा उमटलाय तेवढा." दत्ताराम तिथल्या स्टुलावर बसला आणि नुसता हसत राहिला.

मग जत्रांतून सिनेमा दाखवणाऱ्या जयंतीभाईला त्याचं हातमशीन घेऊन यायला पटवलं, आणि एका संध्याकाळी पाड्यात दोन बांबूंना धोतर ताणलं. गुणाजी हवालदार साध्या कपड्यांत आले होते. धाकू सगळ्यांत पुढे, उकिडवा.

चित्र उमटलं. धाकू दिसला, तारपा दिसला, फेर फिरायला लागला. पाडा श्वास रोखून बसला. मध्येच आभाळातून एक भलामोठा अंगठा सरकत गेला, तेव्हा गुणाजी उठून ओरडले, "तो माझो!" सगळे त्यांना गप्प करायला लागले, आणि तेवढ्यात ते घडलं. फेर अडला. पाय चुकले. दत्तारामने म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही, पाहायचा धीरच झाला नाही.

"थांबीव," धाकू म्हणाला. "परत फिरीव ते."

जयंतीभाईने परत फिरवलं. धाकू पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला. मग त्याने बोट ठेवलं. पहिल्याने स्वतःच्या गालांवर, ते भोपळ्यासारखे फुगलेलेच होते. मग फेराच्या पुढच्या टोकावर, तिथे म्हाताऱ्या बायकांची पावलं घड्याळासारखी पडत होती. मग शेपटाकडे. तिथे खाणीवरची ती दोन दांडगी पोरं, भर उन्हात, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती, आणि त्यांच्यामुळे मागचा फेर अडला होता.

"दम तुटं तो ह्यांचा!" धाकू वळून म्हणाला.

पाडा असा हसला की जयंतीभाईचं हँडलच थांबलं. ती दोन पोरं अंधारात कुठे तोंड लपवावं ते शोधत होती, आणि त्यातल्याच एकाच्या आईने त्याला पाठीत धपाटा घातला. गुणाजी डोळे पुसत होते. दत्तारामला वाटलं, आपल्या छातीवरून कुणीतरी धोंडा उचलला.

धाकू परत येऊन बसला. मग त्याने घरात हाक मारून म्हाताऱ्या बायकोला सांगितलं, की तारपा माळ्यावर टाकू नकोस, आढ्याला टांग, धुराने कोरडा राहील, पुढच्या भाताला लागणार आहे.