साठ टेबलांचा आचारी

मुई वेंगहोईला अमेरिकेचा व्हिसा आला तेव्हा आपण तो कधी मागितला होता हेच त्याला आठवेना. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीने, सुकवानने, तेरा वर्षांपूर्वी भावासाठी अर्ज भरला होता. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि नुसतं ‘बरं’ म्हणाला होता. आता तो एकोणपन्नास वर्षांचा झाला होता आणि ‘नको’ म्हणायची वेळ केव्हाच निघून गेली होती. बायकोने, लाइसिमने, दोन दिवसांत कोंबड्या शेजाऱ्यांना वाटल्या, घराची किल्ली दिराकडे दिली आणि विमानात खिडकीची जागा पटकावून बसली. वेंगहोई मात्र दक्षिण चीनमधल्या आपल्या तोइसानच्या बसथांब्यापासून जो गोंधळला तो गोंधळलेलाच राहिला.

चायनाटाउनात स्टॉक्टन रस्त्याच्या वरच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर त्यांना खोली मिळाली. दहा बाय दहाची. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांत मिळून एकेकच. ताईने दुसऱ्याच दिवशी दोघांना नवीन आलेल्यांसाठी वर्ग चालवणाऱ्या मंडळात नेलं. चपलांच्या दुकानावर मंडळाचा मजला होता. सकाळी इंग्रजी, दुपारी कामाचं शिक्षण, सोळा आठवडे, सगळं फुकट. नाव नोंदवायला औ बाई होत्या. वय सव्वीस, जन्म इथलाच. तोइसानची बोली त्या आजीच्या मांडीवर जेवढी शिकल्या होत्या तेवढीच त्यांना येत होती. म्हणजे ‘जेवलास का’, ‘लबाडी करू नकोस’ एवढं पक्कं, बाकीचं अंदाजाने.

बाईंनी विचारलं, गावाकडे काय करत होता. वेंगहोई म्हणाला, “विशेष काही नाही. लोकांकडे थोडंफार रांधायचो.” बाईंनी कागदावर लिहिलं, अनुभव नाही, स्वयंपाकाची आवड आहे.

खरं म्हणजे सव्वीस वर्षं तो आसपासच्या वीस गावांचा आचारी होता. कुणाकडे लग्न असो, मूल महिन्याचं झाल्याचं जेवण असो की नव्या घराचा मुहूर्त, अंगणात विटांची चुलाणं मांडायला वेंगहोईलाच बोलावणं जायचं. साठ-साठ टेबलं, टेबलाला दहा माणसं. मातीच्या भांड्यातला वाम माशाचा भात आणि अळकुड्या घालून शिजवलेलं बदक खायला लोक नातं नसताना नातं काढून यायचे. पण हे आपल्या तोंडाने सांगायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अशा रीतीने साठ टेबलांचा हा आचारी स्वयंपाकाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसला. लाइसिमला हॉटेलातल्या खोल्या आवरण्याच्या वर्गात घातलं. ती पहिल्याच आठवड्यात चादरीचा कोपरा नाकासारखा टोकदार करायला शिकली आणि घरीही करू लागली.

वर्गाचे मास्तर लेउंग हे हाँगकाँगचे. तीस वर्षं त्यांनी इथल्या चिनी खाणावळींत काढली होती. पहिल्या दुपारी त्यांनी कोंबडीचे तुकडे पिठात बुडवून तळले आणि त्यावर लालभडक, गोड, चिकट रस ओतला. वेंगहोईला वाटलं, हे जेवणानंतरचं असावं. मास्तर म्हणाले, ही एका सेनापतीच्या नावाची कोंबडी, प्रत्येक खाणावळीत लागतेच.

“कुठला सेनापती?” वेंगहोईने विचारलं.

“तुला त्याच्याशी सोयरीक करायचीय का?” मास्तर म्हणाले. “साखर अजून एक डाव घाल.”

“पण मास्तर, हे आहे कुठलं जेवण?”

“चिनी जेवण.”

वेंगहोईने वर्गात नजर फिरवली. चौदा जण होते आणि चौदाही चिनी होते. कुणीच हा पदार्थ आधी पाहिला नव्हता, पण सगळे वहीत उतरवून घेत होते. मग त्यानेही लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात खेकड्याचं मांस आणि चीज भरून तळलेल्या पुड्या झाल्या. मास्तर आपली परीक्षा तर पाहत नाहीत ना, अशी त्याला शंका आली. एखाद्या दिवशी ते हसतील आणि म्हणतील, चला, आता खरं शिकवतो. त्या दिवसाची त्याने पाच आठवडे वाट पाहिली.

त्याच्या हाताला जे येत होतं ते सगळं इथे चूक ठरत होतं. कोंबडी त्याने हाडासकट तोडली तर मास्तर म्हणाले, गिऱ्हाइकाचा दात पडला तर कोर्टात खेचेल. माशाचं डोकं ठेवलं तर म्हणाले, डोळे बघून पोरं रडतील. मग डोकी कोण खातं, असं त्याने विचारलं. मास्तरांनी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळी वेंगहोई पिशवीत अकरा डोकी घेऊन घरी आला आणि मजल्यावरच्या सामायिक चुलीवर आलं घालून त्याने रस्सा केला. अकराही बिऱ्हाडं वाट्या घेऊन रांगेत उभी राहिली. समोरच्या खोलीतली यीआजी वाटी चाटत म्हणाली, हा हात मी कुठेतरी चाखलाय. पण कुठे ते तिला आठवेना.

सकाळच्या इंग्रजीने तर त्याचं डोकं भणाणून जायचं. स्वयंपाकघरात कुणाच्या मागून जाताना ‘बिहाइंड’ असं ओरडायचं, हे त्याच्या अंगात इतकं भिनलं की तो भाजीबाजाराच्या गर्दीतही ओरडायला लागला. म्हाताऱ्या बाया दचकून पिशव्या छातीशी धरायच्या.

दहाव्या आठवड्यात मुलाखतीची तालीम आली. औ बाई टेबलापलीकडे मालक बनून बसल्या आणि म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. वेंगहोई म्हणाला, मला फारसं येत नाही. बाई म्हणाल्या, असं नाही, आपण मेहनती आहोत, हुशार आहोत, सगळ्यांशी मिळूनमिसळून वागतो असं म्हणायचं. त्याला ते ऐकूनच लाज वाटली. स्वतःचं असं कौतुक करणाऱ्या माणसाला गावात कुणी बैल राखायलाही ठेवलं नसतं. तरी त्याने इंग्रजी वाक्यं घोकली. मग बाईंनी विचारलं, तुमच्यात उणीव काय आहे. हे मात्र त्याला नीट कळलं.

“डावा गुडघा,” तो म्हणाला.

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि लगेच खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. तो कितीतरी वेळ विचार करत राहिला, गुडघा का चालत नाही? उजवा म्हणायला हवा होता का?

वर्ग संपला तेव्हा मास्तरांनी त्याला पहिला नंबर दिला. सेनापतीची कोंबडी त्याच्यासारखी कुणाचीच झाली नव्हती. त्या जोरावर बाईंनी त्याची पहिली नोकरीची चाचणी ठरवली आणि स्वतः सोबत गेल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ नवी खाणावळ निघाली होती. मालक तरुण, चेहऱ्याने चिनी, पण तोंडातून शब्द निघेल तो इंग्रजी. त्याने काहीतरी चांगलंसं करून दाखवायला सांगितलं. वेंगहोईने जीव ओतून सेनापतीची कोंबडी केली. वर संत्र्याची फोडही लावली. मालकाने एक घास खाल्ला, छान म्हणाला, हात मिळवला आणि दोघांना दारापर्यंत पोचवलं.

ट्राममध्ये बाईंनी अडखळत सांगितलं, “होईकाका, त्यांना तुमच्या गावाकडचं काहीतरी हवं होतं. हे म्हणे कुठेही मिळतं.”

“मग वर्गात हे का शिकवलं?”

“कारण बाकी सगळीकडे हेच लागतं.”

वेंगहोईने हे मनात नीट घडी घालून ठेवलं. दुसरी चाचणी शहराबाहेर, बसने दीड तासावर होती. मालक शेजारच्याच होइपिंग तालुक्यातला, बोलीही तीच. वेंगहोईला हायसं वाटलं. त्याने कुणाला काही न विचारता अळकुड्यांचं बदक चढवलं. वास सुटल्यावर मालकाची बायको गल्ला सोडून आत आली. मालकाने उभ्याउभ्या दोन वाडगे खाल्ले, हाडं चोखली, डोळे पुसले. मग म्हणाला, “भाऊ, माझी आई गेल्यापासून असं खाल्लं नव्हतं. पण तुला ठेवता येणार नाही. हे इथे कोण खाणार? सेनापतीची कोंबडी येते का तुला?”

“येते,” वेंगहोई म्हणाला.

“मग तीच करायची होतीस ना.” मालकाने घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या माणसाच्या चाचणीची वेळ झाली होती.

परतीच्या बसमध्ये वेंगहोईच्या मनात एकच विचार घोळत होता. कुठेतरी मोठी पाटी लावलेली असणार. कुठे काय रांधायचं, कुठे काय बोलायचं, सगळं त्यावर लिहिलेलं असणार. सगळ्या जगाला ती वाचता येते, आपल्यालाच तेवढी दिसत नाही. त्यानंतर तीन दिवस तो मंडळात गेला नाही. चौकात पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारी बसायचा आणि कोण जिंकलं हेही त्याला कळायचं नाही. ताईने फोनवर झापलं की तेरा वर्षं काय कबुतरं बघायला वाट पाहिली होती का. आपण वाट पाहिली होती की नाही, हेच त्याला नक्की ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी औ बाई जिने चढून खोलीवर आल्या. वेंगहोई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाई म्हणाल्या, पुन्हा तालीम करू या, यात हरण्यासारखं काही नाही, पहिल्यांदाच स्वयंपाक शिकलेल्या माणसाला वेळ लागतोच. लाइसिम चादरीच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“पहिल्यांदा?” ती म्हणाली. “बाई, तुम्ही याला समजता तरी कोण? माझ्या लग्नाचं जेवणही यानेच रांधलं. नवरदेव होता तरी. चुलाणापाशी दुसऱ्या कुणाला उभं राहू देईना. साठ टेबलं उठवायचा हा एका दुपारी.”

बाई त्याच्याकडे वळल्या. “होईकाका, हे तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“कुणी स्वतःहून सांगतं का असं?” तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. “ज्यांनी खाल्लंय त्यांनी सांगायचं. मी कसं सांगू?”

एवढ्यात उघड्या दारातून यीआजी आत आली. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिला आता आठवलंही होतं. अकरा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला ती गावी गेली होती, तिथलं बदक याच हातचं. खालच्या मजल्यावरचा एक शिंपी त्याच जेवणाला होता, हेही तिनेच सांगितलं.

बाईंनी दप्तरातून कागद काढला. तोइसानच्या बोलीत जे कळत नव्हतं ते दोन-दोनदा विचारून लिहून घेतलं. लाइसिमने सांगितलं, यीआजीने सांगितलं, शिंप्याने वर येऊन सांगितलं. वेंगहोई खाली मान घालून बसला होता, कान लाल झाले होते. जुना कागद बाईंनी फाडला. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, मला भाषा अर्धीच येते. त्यावर तो म्हणाला, “जेवलात का?” हे मात्र बाईंना पक्कं कळलं आणि त्या जेवूनच गेल्या.

तिसरी चाचणी तिथून जवळच होती. एका संस्थेत रोज दोनशे म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण मिळायचं, तिथल्या स्वयंपाकघरात. व्यवस्था पाहणाऱ्या सेतोबाई करड्या शिस्तीच्या होत्या. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, काय करून दाखवता? वेंगहोईला कोंबडी करावी तर ट्राम आठवली, बदक करावं तर बस. घोकलेली इंग्रजी वाक्यं कुठल्या कुठे पळाली. शेवटी काहीच सुचेना तेव्हा गावाकडे लग्नघरच्या माणसाला तो पहिल्यांदा जे विचारायचा तेच तोंडातून बाहेर पडलं.

“खाणारे कोण आहेत? दात किती जणांना आहेत?”

सेतोबाईंनी चष्मा काढला. या खुर्चीसमोर आजवर सात आचारी उभे राहून गेले होते, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, निम्म्यांना नाहीत, चाळिसांना साखर आहे, मीठ सगळ्यांनाच कमी. मग वेंगहोईने दुधी भोपळा आणि कोंबडीच्या खिम्याचं असं काही केलं की चमच्याने नुसतं दाबलं तरी तुटावं. आल्याने चव आणली, मीठ जेमतेम दाखवलं. सोमवारपासून या, असं त्या म्हणाल्या. तेव्हा आपण नेमकं कशामुळे पास झालो हे त्याला कळलंच नाही. घरी येऊन लाइसिमला विचारलं. ती म्हणाली, जाऊ दे, सोमवारी लवकर उठ.

पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्याने ताट परत पाठवलं. गाजर टणक होतं. वेंगहोई डोक्यावरची जाळी तशीच ठेवून बाहेर गेला आणि त्या म्हाताऱ्याशेजारी बसून त्याने गाजर स्वतः चावून पाहिलं. आचाऱ्याने बाहेर यायची तिथे पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी गाजर वीस मिनिटं जास्त वाफवलं. तेव्हापासून तो रोज एका टेबलावर बसू लागला आणि सेतोबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. यीआजी आणि शिंपीही आता दुपारी तिथेच जेवतात. सगळं समजलंय असं काही नाही. दर महिन्याला सरकारी कचेरीतून आहाराचा तक्ता येतो, इंग्रजीत. तो औ बाईंना फोन लावतो, त्या वाचून दाखवतात. परवा त्यात होतं, माणशी अर्धी वाटी भाजी.

“कुणाची वाटी, बाई?” त्याने विचारलं. “यीआजीची की शिंप्याची?”

बाई म्हणाल्या, विचारून सांगते. त्याने तोवर भाजी चिरायला घेतली.