ग्रँड म्हणजे किती?

चहाच्या एका घोटासाठी पाहुण्याला पाऊण तास ताटकळत ठेवणारा आणि तरीही ज्याचा गळा धरावासा वाटत नाही असा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. ताईचे यजमान, आमचे दाजी, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. दुसऱ्यांनी धुतलेली भांडी खरंच धुतली आहेत का ते बघायचं आणि सही करायची, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. तेवढ्याने पोट भरेना म्हणून ते दर गुरुवारी कॉर्कमधल्या एका म्हाताऱ्या जपानी बाईंकडे चहा शिकायला जाऊ लागले. "चहाच शिकायचा तर मी काय मेले होते?" असं ताईने विचारलं, तेव्हा म्हणाले, "तुझा चहा नुसता प्यायचा असतो गं." त्यावर ताईने दोन दिवस अबोला धरला.

मी इथे एमएससी करायला आलो आणि त्यांच्याकडेच राहिलो, त्यामुळे त्यांचा कायमचा पाहुणा मीच. बॉक्सरूम म्हणजे घरातली सगळ्यात चिमुकली खोली; तिच्यातला पलंग काढून त्यांनी चटया अंथरल्या आणि दारात आडवी फळी ठोकली. चहाच्या खोलीत वाकून शिरलं की अहंकार बाहेर राहतो म्हणे. माझा राहिला की नाही ठाऊक नाही, पण कपाळाला टेंगूळ आलं. फोन बाहेर टोपलीत ठेवायचा आणि आत येऊन वज्रासन घालायचं. मग दाजी स्वच्छ वाडगा पुन्हा स्वच्छ करणार, रेशमी फडक्याची घडी घालणार, मोडणार, परत घालणार. शेवटी पळीभर पाणी, हिरवी पूड आणि बांबूची इवलीशी रवी. ती रवी व्हिडिओ कॉलवर बघून आई म्हणाली होती, "एवढ्याशा रवीने ताक कधी व्हायचं रे?" वाडगा हातात आला की दोनदा फिरवायचा, कारण त्याची देखणी बाजू आपल्या ओठांना लागता कामा नये. हे सगळं झालं की दाजी वाकून, डोळे मिटून म्हणायचे, "मेहुणे, ही भेट पुन्हा नाही." पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

एकदा रेडिएटर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी फळीखालून आत घेतलं. बिचारा अवजारांच्या पेटीसकट रांगत गेला तो चाळीस मिनिटांनी बाहेर आला. त्याचा चेहरा चहाच्याच रंगाचा झाला होता, पण जाताना म्हणाला, "दॅट वॉज ग्रँड." दाजी हरखले. ताईने त्यांना जमिनीवर आणलं. "अहो, इथे कशालाही ग्रँड म्हणतात. परवा भर पावसात आपली गाडी बंद पडली, तेव्हा तो टोइंगवाला काय म्हणाला? ग्रँड!" हे दाजींना फार लागलं. ज्याला ना वरची मर्यादा ना खालची, असा शब्द माणसं वापरतात तरी कशी, असं ते आठवडाभर मला विचारत होते.

त्याच हिवाळ्यात ताईच्या पोटात गाठ निघाली. ती कसली आहे हे पोट उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन साडेआठला, दोन तासांचं. आत नेताना ताईने मला हुकूम सोडला, "ह्यांना घरी घेऊन जा. इथे बसले तर प्रश्न विचारून नर्सना वेड लावतील." झालं की फोन करू, असं नर्सने कबूल केलं आणि आम्ही घरी आलो. दाजींनी कारखान्यात धुतात तसे कोपरापर्यंत हात धुतले आणि बॉक्सरूममध्ये गेले. माझं डोकंच फिरलं. बायको टेबलावर आणि हा माणूस चहा करणार! पण स्वयंपाकघरात एकट्याने बसवेना, म्हणून मीही फळीखालून आत शिरलो.

कोनाड्यात एकच फूल ठेवायचा त्यांचा नियम होता. त्या दिवशी फुलाच्या जागी त्यांनी फोन टेकवून उभा केला होता.

साडेदहा वाजले. अकरा वाजले. साडेअकराला मी म्हणालो, "दाजी, आपणच लावू या का?"

"थांब जरा. पाणी उकळू दे."

पाणी केव्हाचं खळखळत होतं. मग माझ्या लक्षात आलं की वाडगा त्यांनी चौथ्यांदा पुसायला घेतला आहे आणि फडक्याची घडी काही जमत नाहीये. त्यांच्या हातांना काहीतरी काम हवं होतं आणि हे एवढंच त्यांना डोळे मिटून येत होतं. माझा राग गेला, भीती मात्र दुप्पट झाली. चहा झाला, वाडगा माझ्यापुढे आला, मी तो दोनदा फिरवला. दाजी वाकले आणि तसेच राहिले. नेहमीचे शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. मलाही घोट घेववेना.

बारा वाजून गेल्यावर फोन वाजला. दाजींनी रांगतच झडप घातली, रवी उडाली, वाडगा माझ्या मांडीवर सांडला. स्पीकरवर नर्स म्हणाली, "शी इज ग्रँड."

दाजी पांढरेफटक पडले. "ग्रँड म्हणजे किती?" त्यांनी तिला चक्क मराठीत विचारलं, मग सावरून, "ग्रँड लाइक व्हॉट?"

"ग्रँड, लव्ह, ग्रँड!" गाठ पूर्ण निघाली होती, साधीच होती, डॉक्टर खूश होते. आणि शुद्धीवर आल्यापासून पेशंट चहा मागत होती. "बट नॉट द ग्रीन वन, शी सेज."

दाजींनी फोनला खाली वाकून नमस्कार केला. "मेहुणे, हे लिमिटमध्ये आहे," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडलो.

आता मी ॲथलोनला नोकरी करतो आणि लॅपटॉपसमोर मगातला चहा थंड झाल्यावर पितो. दाजी अधूनमधून बोलावतात आणि मी काहीतरी कारण सांगतो, याची मला लाज वाटते. बॉक्सरूममध्ये माझ्या जागी हल्ली ताई बसते. वाडगा दोनदा फिरवते, तोंड वाकडं करून एक घोट घेते आणि ग्रँड म्हणते. ही भेट पुन्हा नाही, असं दाजी तिला एकदाही म्हणाले नाहीत. ताई सांगते, ते वाकतात, बराच वेळ तसेच राहतात आणि म्हणतात, "पुढच्या रविवारी ये हं."