लाल एमजी सोडून मॉरिस नेणारा चोर

"चोराला अक्कलच न्हाई साहेब! लाल एमजी सोडली अन् म्हातारी मॉरिस नेली!"

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मूठ आपटत तक्रारदार ओरडत होता. त्या आवाजाने ठाण्यासमोरच्या लिंबावरचे कावळे उडाले, ते थेट जाफराबादेत उतरले असे आमचे हवालदार शपथेवर सांगत. फौजदारकीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण ती सकाळ काही विसरत नाही.

वडिलांमागे दोन भावांकडे दोन जुन्या विलायती गाड्या राहिल्या होत्या. तक्रारदार थोरला; त्याचा जीव दोन सीटच्या लाल एमजीवर, धाकट्याचा मॉरिस मायनरवर. दुसऱ्या दिवशी पुण्याचे गिऱ्हाईक येऊन मॉरिस नेणार होते. त्या पैशांतून एमजीचे इंजिन नवे होणार होते. ओळखीची खूण विचारली तेव्हा थोरल्याने सांगितले, मॉरिसचा उजवा कान बसलेला आहे. कान म्हणजे वळताना दारामागून बाहेर उठणारा दिव्याचा दांडा. वडील होते तेव्हापासून तो उठलाच नव्हता.

मी गुन्हा न नोंदवता अर्ज चौकशीवर ठेवला. रात्रीत गाडी गेली तरी गॅरेजचे कुलूप शाबूत होते, म्हणजे चोर किल्लीवाला. दुपारी खबऱ्याने कळवले, तसली गाडी जांब समर्थ गावाकडे गेली, मागे एक म्हातारी ऐटीत बसली होती. भावांचे आजोळ तिकडेच.

धाकट्याला बोलावले. सरकारी नोकर, अटक झाली की निलंबन ठरलेले. घाम पुसत तो एकच म्हणत होता, गाडी मी पाह्यलीच न्हाई. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि सहज म्हटले, "काही म्हणा, एमजीपुढं तुमची मॉरिस म्हणजे बैलगाडीच."

त्याने कप खाली ठेवला.

"बैलगाडी? एमजी पळती, बराबर हाय. पण खड्डा आला की बूड घासतं. बसणार दोघं, अन् पिशवी मांडीवर. मॉरिसमधी अख्खं घर बसतं साहेब. आईला गुडघा दुमडावा लागत न्हाई. अन् आता तर दोन्ही कान उठतात."

"उजवा कधी उठला?"

"आज सकाळी बसवला," तो म्हणाला, आणि मग त्याचे त्यालाच कळले.

मॉरिस मामाच्या गोठ्यात, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या आड सापडली. आई मागच्या सीटवर ठाण मांडून होती. विकायची तर मला धरून विका, म्हणाली. थोरला गुन्हा दाखल करा म्हणून अडून बसला. मी त्याला बाजूला घेऊन समजावले: गाडी वडिलांची, हिस्सा दोघांचा, कोर्टात चोरी टिकणार नाही; भावाची नोकरी मात्र धोक्यात येईल.  मग त्याने अर्ज मागे घेतला.

तू केलेस का, असे विचारले की माणूस खोटे बोलतो. त्याच्या जिवापाड वस्तूला नावे ठेवा, तो खरे बोलून जातो. पुढे नोकरीभर मी मार कमी आणि चहा जास्त वापरला.

महिन्याभराने थोरला बाजारात भेटला. मी विचारले, मंग, मॉरिस नेली का पुणेकरांनी?

"न्हाई," तो म्हणाला. "लाल विकली."