थोरलीबायने मला हुंगलं तो रविवार

गूढ अनुभवांचं हे सदर मी वाचते ते खाली कमेंटमध्ये भांडायला. लपवत नाही. कुणाच्या मामाला घाटात पांढरी साडी दिसली की मी लगेच विचारते — पुरावा काय? आमच्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटतो. अंगात येणं, दृष्ट काढणं, गाडीला काळी बाहुली... यातलं काहीही माझ्या आईने उंबरठ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. तेव्हा हे वाचून कुणी 'बघा, शेवटी तुम्हीपण!' असं लिहिणार असेल तर खुशाल लिहा. या वेळी मी भांडणार नाही. भांडायला लागतं ते उत्तर माझ्याकडे नाहीये.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. नोकरी करते आणि उरलेला वेळ आमच्या गटाला देते. गट म्हणजे सात-आठ जण, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि पत्रकांचे गठ्ठे. विषय एकच — मागरींना भाड्याने घर मिळालं पाहिजे.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मागरी ही खडवलीच्या पुढे, नदीकाठच्या पाड्यांवर राहणारी माणसं. हो, माणसं! कान जरा वर आणि टोकदार, आवाज येईल तिकडे वळतात. नाकाचा शेंडा काळा, कायम ओलसर. मानेपासून पाठीवर मऊ तपकिरी लव. बाकी सगळं तुमच्या-माझ्यासारखं. लोक त्यांना 'हुंगे' म्हणतात. हा शब्द मी इथे एकदाच लिहिला, आणि तोही तुम्ही तो वापरू नये म्हणून.

शहरात कामाला आलेली मागरी मुलं टोपी आणि मास्क घालून खोली बघायला जातात. मास्क उतरला की खोली 'आत्ताच गेली' असते. आणि कारण ऐका — घाण नाही, गोंगाट नाही. 'त्यांना वासावरून घरातलं सगळं कळतं.' कोण पितं, कुणाला आजार आहे, कोण कुणाकडे जाऊन आलं, कुणाच्या मनात काय आहे. म्हणजे लपवायचं तुम्हाला, आणि रस्त्यावर यायचं त्यांनी!

म्हणून मी पत्रक लिहिलं. चार पानं. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात: 'मागरींचं नाक तुमच्या-आमच्याइतकंच आहे. वासावरून माणसाचं मन कळतं ही शुद्ध अफवा आहे.' हे वाक्य माझं. ते मी स्टेशनांबाहेर, कॉलेजांच्या गेटवर, सोसायट्यांच्या वॉचमनच्या टेबलावर वाटलंय. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.

आता ऋजुताबद्दल. नाव बदललेलं नाही, तिची परवानगी घेतली आहे.

ऋजुता आमच्या गटात गेल्या वर्षी आली. डोंबिवलीची, कायदा शिकते, आईवडील दोघंही नोकरीत, स्वतःचं घर. छान मुलगी आहे. हेच तर वाईट आहे. मला घर नाकारणं म्हणजे काय ते पुस्तकातून कळलेलं नाही. मी सहावीत असताना बाबांबरोबर खोली बघायला गेलेले. बाईंनी पाणी दिलं, हसल्या, मग आडनाव विचारलं... आणि मग त्यांच्या दिरालाच अचानक ती खोली हवी झाली. हे मी भोगलंय. ऋजुताने वाचलंय. आणि तरी पाड्यावर लाडकी कोण? तर ऋजुता.

मागरींमध्ये एक पद्धत आहे. बाहेरचं माणूस आपलं मानायचं असेल तर पाड्यावरची सगळ्यात मोठी बाई त्याच्या मानेपाशी नाक नेते, डोळे मिटून हुंगते, आणि म्हणते, "ओळखलं." एवढंच. त्यानंतर तुम्ही त्यांच्या ताटात जेवता, त्यांच्या चुलीपाशी बसता, तुमच्यासमोर ते भांडतात. त्याआधी तुम्ही पाहुणे.

मी दोन वर्षं पाहुणी होते. गेले की खुर्ची यायची. एकच प्लास्टिकची खुर्ची, खास माझ्यासाठी पुसून. "म्याडम, बसा." चहा कपबशीत. आणि ऋजुता पहिल्यांदा आली त्याच दुपारी थोरलीबायने — पाड्यावरची सगळ्यात वयस्कर बाई, सगळे तिला थोरलीबायच म्हणतात — तिची वेणी बाजूला केली, हुंगलं, आणि म्हणाली, "ओळखलं." अर्ध्या तासात ऋजुता गोधडीवर मांडी घालून वाल सोलत होती. मी समोर खुर्चीत. हातात कपबशी.

परत येताना ती म्हणाली, "अगं, किती गोड आहेत ना!"

मी म्हटलं, "हो ना."

त्या दिवसापासून तिचं काहीही मला बघवेना. तिने ग्रुपवर टाकलेल्या फोटोला मी लाईक करायचे नाही. तिच्या अर्जातल्या चुका शोधायचे — सापडायच्या नाहीत. जाईने, म्हणजे थोरलीबायच्या भाचीने, डोंबिवलीत खोली घेतली तेव्हा भाडेकरार ऋजुताने करून दिला, त्याची नोंदणीही तिनेच केली. सगळे म्हणाले, ऋजुता होती म्हणून झालं. त्या मालकाशी तीन रविवार डोकं मीच लावलेलं. असो.

जाई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मास्क तिथे सगळेच घालतात, त्यामुळे तिला बरं. पण एकदा लिफ्टमध्ये तिच्या मास्कचा दोरा तुटला, आणि समोर सोसायटीचे अध्यक्ष. झालं! तातडीची मीटिंग, विषय: जाईने खोली सोडावी. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. ऋजुता कागद घेऊन येणार, मी बोलणार, असं ठरलेलं.

शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरीकाकांचा मला फोन आला. "मॅडम, मीटिंग सकाळी अकराला घेतोय. संध्याकाळी बऱ्याच जणांना लग्नाला जायचंय. तुमच्या त्या दुसऱ्या मॅडमना सांगा."

मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते. ऋजुताला मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला, परत पुसला. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा बोट नुसतं 'पाठवा'वर ठेवायचं होतं... पुसला. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, ती नसताना होऊ दे. मग कळेल पाड्यावर, कोण कुणासाठी उभं राहतं.

रविवारी अकराला मी डोंबिवलीत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, तीसेक माणसं. जाई मास्क-टोपी घालून कोपऱ्यात, आणि तिच्याशेजारी थोरलीबाय! धीर द्यायला पहाटेच खडवलीहून आलेली. तिने ना टोपी घातलेली ना मास्क. कान सरळ उभे. तिच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या.

"ऋजू नाय आली?" तिने मला विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

मी बोलले. चांगलं बोलले. घटना, समता, सगळं. टाळ्या वगैरे नाहीत, पण लोक ऐकत होते. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे. नोंदणी झालेला करार दाखवा."

मी मोबाइल पुढे केला. पहिल्या पानाचा फोटो होता.

"हे काय? शिक्का कुठाय? मागची पानं कुठायत?"

फाईल ऋजुताकडे. आणि ऋजुता घरी, कारण मी तिला सांगितलेलंच नव्हतं. तिथून फोन केला असता तर ते सगळ्यांसमोर उघड झालं असतं.

"मग कागदच नाही तर प्रश्न मिटला," अध्यक्ष म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. बेटा, वैयक्तिक काही नाही हं."

जाईच्या टोपीखाली काहीतरी हललं. तिचे कान मागे पडले होते. घाबरल्यावर पडतात तसे.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, उद्या माझी बायको हिच्याकडून रोज संध्याकाळी माझा रिपोर्ट घेईल!" सगळे हसले. बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "मला रिपोर्टची गरज नाही, तुम्ही जिन्यातच कळता." अजून हसले.

माझं डोकं फिरलं. अर्धा राग त्यांच्यावर, अर्धा स्वतःवर. मी पत्रकाचं तिसरं पान उघडून अध्यक्षांच्या नाकापुढे धरलं. "अफवा आहे ही! काही कळत नाही त्यांना! करून बघा ना. आत्ता, सगळ्यांसमोर. माझ्यावर करा!"

मी थोरलीबायपुढे जाऊन उभी राहिले आणि केस बाजूला केले. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते मी असं, चारचौघांत, पैजेवर मागितलं.

ती उठली. तिचं नाक थंड होतं, ओलं. मानेला लागलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ती हुंगत राहिली... बराच वेळ. मग ती मागे झाली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला तो चालला असता.

"काय कळलं?" अध्यक्ष.

"काय कलायचाय?" थोरलीबाय म्हणाली. "साबन लावलाय वासाचा. नि पोहे खाऊन आलीय."

"ते तर मलाही कळतंय!" पहिल्या रांगेतल्या काकू म्हणाल्या. "कांदा जास्त झालाय, मुली."

जो हशा पिकला! त्या हशात मीटिंगचा जीवच गेला. काकूच म्हणाल्या, राहू दे हो पोरीला, माझ्या सुनेचं नाक हिच्यापेक्षा तिखट आहे. अध्यक्षांनी मान हलवली. संध्याकाळी मूळ करार दाखवा, मग आमची हरकत नाही.

मी जिंकलेले. माझं वाक्य तीस माणसांसमोर खरं ठरलेलं!

मी थोरलीबायला रिक्षात बसवायला गेटपर्यंत गेले. जाई कामावर कळवायला फोन करत आत थांबलेली. गेटपाशी आम्ही दोघीच. मी म्हटलं, "थँक्यू, मावशी."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "निरोप लिवलास नि पुसलास. तीनदा. ओट्याशी उभी राहून."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"आयशीनं विचारलं, कोनाचा गो फोन? तू बोललीस, कंपनीचा."

हे मी स्वतः विसरले होते! तिने सांगितल्यावर आठवलं. आई तेव्हा बाहेरून आत डोकावलेली, मी 'कंपनीचा' म्हणाले, ती गेली. त्या घरात आम्ही दोघी सोडून कुणी नव्हतं. थोरलीबायकडे मोबाइल नाही. ती वर्तकनगरला कधी आलेली नाही.

"मग तिथे सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"पोरीची खोली गेली असती. नि तुझी आब्रूपन."

मला विचारायला नको होतं, पण विचारलं. "दोन वर्षं मला का नाही हुंगलंत?"

आता मात्र तिला खरंच नवल वाटलं. "तूच नको बोललीस. पयल्या दिवशी मी जवल आले, तू मागे सरलीस. बोललीस, मावशी, हे बंद करा, लोकांना कारन मिलतं. मंग मी बंद केलं. तुझ्यापुरतं."

खरं आहे. मी म्हणालेले. सुधारणा म्हणून म्हणालेले.

रिक्षा आली. ती आत बसली, पदर सावरला, आणि जाता जाता म्हणाली, "ऋजूच्या अंगालापन हाच जलन्याचा वास येतो. पयल्या दिवशी आला. तुझ्या नावाचा. तिच्या मनात व्हतं, हिला बोलायला कागद लागत नाय."

रिक्षा गेली. आणि मला... लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग मी ऋजुताला फोन केला आणि परत खोटं बोलले. वेळ बदलल्याचं आयत्या वेळी कळलं म्हणून. ती म्हणाली, "अगं ठीक आहे, तू होतीस ना!" पाचला ती फाईल घेऊन आली, अध्यक्षांनी शिक्का बघितला, विषय संपला. जाई अजून तिथेच राहते.

मी खूप विचार केलाय. घाम, भीती, खोटं बोलताना अंगात काहीतरी बदलतं, ते तीक्ष्ण नाकाला कळत असेल — इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण 'तीनदा'ला वास कसा असेल? 'कंपनीचा' या शब्दाला? जाईला विचारलं तर ती म्हणाली, "मला नाही येत एवढं. थोरलीबायला येतं." पत्रकाची नवी छपाई माझ्यामुळे अडली आहे. कारण ते वाक्य मुळातच चुकीचं होतं. त्यांना कळत नाही म्हणून घर द्या, हे काय मागणं झालं? कळत असलं तरी दिलंच पाहिजे! हे मी जाईच्या संमतीने लिहितेय. ती म्हणाली, लिही, बिल्डिंगचं नाव मात्र नको.

हे पाठवण्याआधी ऋजुताला फोन करून सगळं सांगितलं. मेसेजचं, खोट्याचं, सगळं. फक्त रिक्षातलं शेवटचं सोडून. ते ती इथेच वाचेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं."

राग होता, माफी होती, की तिलाही बरं वाटलेलं? मी फोन कानाला लावून नुसती ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला मागरींचा हेवा वाटला.